भिंत काढण्याआधी, मजला चढवण्याआधी: घराचा भार कुठून कुठे जातो?

मागच्या महिन्यात शहापुरातल्या एका ओळखीच्या घरी जाणं झालं. मुलाचं लग्न ठरलेलं, घरात रंगाचं आणि फरशीचं काम सुरू. मधल्या भिंतीवर मेस्त्रीनं खडूनं मोठी फुली मारून ठेवली होती. घरमालक काका म्हणाले, "इंजिनियर, ही भिंत काढायलोय. हॉल मोठा हुतोय की. मेस्त्री म्हणतोय, काय हुत न्हाई."

मी जिना चढून वर गेलो. त्या भिंतीच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची नऊ इंची भिंत. तिच्यावर गच्चीचा स्लॅब. त्याच्यावर दोन हजार लिटरची पाण्याची टाकी. खाली येऊन काकांना एकच प्रश्न विचारला, "काका, भिंत काढल्यावर वरचा भार कुठं जाणार?"

"कुठं जाणार? हाय तिथंच राहणार की!"

बहुतेकांची समजूत अशीच असते. बेळगाव असो, कोल्हापूर असो, म्हापसा असो की इंदूर, जुनं घर मोठं करताना, भावाभावांत वाटणी झाल्यावर खोल्या फिरवताना, वर एक मजला चढवताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. इमारतीचं सगळं शास्त्र मात्र याच प्रश्नापासून सुरू होतं. आकडेमोड इंजिनियरनं करायची असते, पण मूळ तत्त्वं घरमालकाला कळण्यासारखी आहेत आणि कळायलाच हवीत. कारण घरात राहणार आहे तो, मेस्त्री नाही.

भार थांबत नाही, तो जमिनीपर्यंत जातो

वजन हवेत राहत नाही. स्लॅबवरचा भार बीमवर किंवा भिंतीवर येतो, बीमचा कॉलमवर, कॉलमचा पायावर आणि पायाचा जमिनीवर. ही साखळी सलग हवी. मधली एक कडी काढली तर भार दुसरी वाट शोधतो. ती वाट भार पेलणारी असेल तर घर वाचतं, नसेल तर भेगा पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे घर बसतं.

किती भार असतो? काकांच्या घराचाच हिशोब करू. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट रुंदीच्या लांबट खोल्या, मधली भिंत वीस फूट लांब. दोन्ही खोल्यांच्या स्लॅबचा अर्धा-अर्धा भार या भिंतीवर. म्हणजे साधारण दोनशे चौरस फूट, सुमारे साडेअठरा चौरस मीटर.

सळईच्या काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच हजार किलो धरतात. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. त्यावर फरशीचा थर शंभर किलोच्या आसपास. माणसं आणि सामान यांच्यासाठी राहत्या खोलीला नियमानं दोनशे किलो धरायचे. एकूण सहाशे किलो. साडेअठरा चौरस मीटरचे झाले अकरा टन.

हे फक्त एका स्लॅबचं. वरच्या मजल्याची भिंत आठ टन, गच्चीचा स्लॅब पुन्हा दहा-अकरा टन, भरलेली टाकी दोन टन. बेरीज तीस टनांच्या पुढे जाते. दहा टन ऊस भरलेल्या तीन ट्रॉल्या त्या एका भिंतीवर उभ्या आहेत म्हणा. आणि मेस्त्री म्हणतोय, काय हुत न्हाई.

प्रत्येक भिंत भार घेते असं नाही. कॉलम-बीमच्या सांगाड्यात मध्ये घातलेली चार इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. पण जुन्या घरांत कॉलम नसतात, भिंतीच घर तोलतात. वर बघा: भिंतीवर बीमची किंवा तुळईची टोकं टेकलीत का? वरच्या मजल्याची भिंत तिच्यावरच उभी आहे का? तसं असेल तर ती भिंत घराचा पाय आहे.

दाब, ताण आणि खडूचा तुकडा

शाळेतला खडू घ्या. दोन्ही टोकांनी आत दाबा, सहज तुटणार नाही. आता तोच खडू वाकवा. कट्कन तुटतो. वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. तो ताणल्या बाजूनं तुटतो.

दगड, वीट, काँक्रीट ही सगळी खडूच्या जातीची. दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. काँक्रीटची ताण सोसायची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. जुन्या कारागिरांना हे अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दगडाच्या कमानी आणि घुमट केले. कमानीत दगड एकमेकांना दाबत राहतात, ताण येऊच दिला जात नाही. विजापूरचा गोल घुमट मध्ये एकही खांब न देता साडेतीनशेहून जास्त वर्षं उभा आहे, तो याच विचारावर.

लोखंडाची सळई ताण उत्तम सोसते. म्हणून काँक्रीटमध्ये जिथे ताण येणार तिथे सळई घालायची, एवढंच आरसीसीचं मर्म. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली झुकतो, ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून मध्यावर सळई खाली. तोच स्लॅब मधल्या भिंतीवरून सलग पलीकडे गेला, तर त्या भिंतीच्या माथ्यावर तो उलटा वाकतो, म्हणून तिथे सळई वर.

आता मधली भिंत काढली तर काय होईल? जिथे वर ताण होता तिथे तो खाली येणार, आणि तिथे खाली पुरेशी सळईच नाही. स्लॅब जाड आहे, सिमेंट चांगलं आहे, यानं काही होत नाही. सळई चुकीच्या बाजूला आहे.

अंतर दुप्पट, जोर चौपट

दोन आधारांमधल्या अंतराला गाळा म्हणतात. गाळा दहा फुटांचा वीस फूट झाला, तर वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि त्याच जाडीचा स्लॅब झुकायचं प्रमाण तर सोळा पट होतं. काकांच्या घरात बाजूच्या भिंतींनी थोडा भार उचलला असता, पण त्या हिशोबानं सळया घातलेल्याच नाहीत.

उलट बाजूही आहे. लाकडी फळी आडवी ठेवून तिच्यावर उभं राहा, ती झुकते. तीच फळी कडेवर उभी धरली तर हलत नाही. लाकूड तेवढंच, पण उंची वाढली. बीमची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठ पट वाढतो. म्हणून बीम रुंदीला कमी आणि उंचीला जास्त असतो. "बीम खाली दिसतोय, डोकं आपटतंय, थोडा कमी करा," असं सेंट्रिंगवाल्याला परस्पर सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तीन इंच कमी केल्यानं फक्त तीन इंच जात नाहीत.

मिरवणूक आणि गॅलरी

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक किंवा गणपतीचं विसर्जन असलं की जुन्या बाजारपेठेतल्या गॅलऱ्या माणसांनी भरून जातात. चौरस मीटरला सहा माणसं दाटीनं उभी राहिली तरी साडेतीनशे-चारशे किलो होतात, म्हणजे राहत्या खोलीसाठी धरलेल्या भाराच्या जवळजवळ दुप्पट.

आणि गॅलरी एकाच बाजूला धरलेली असते. तिचं बाहेरचं टोक खाली झुकतं, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळया वरच हव्यात. काँक्रीट ओतताना कामगार या सळयांवर पाय देऊन फिरतात आणि सळया खाली बसतात. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, पण गॅलरीची ताकद निम्म्यानं गेलेली असू शकते. म्हणून स्लॅब घालायच्या दिवशी घरमालकानं चहा-भज्यांच्या तयारीबरोबर हेही बघावं: सळयांखाली खुर्च्या म्हणजे आधाराचे तुकडे आहेत का, आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकल्यात का.

जुन्या गॅलरीचं मूळ, म्हणजे ती भिंतीला जिथे मिळते ती जागा, पावसाळ्याआधी एकदा बघा. वरच्या बाजूनं तिथे लांब भेग असेल तर मिरवणूक रस्त्यावर उतरून बघावी.

कॉलम: बारीक आणि उंच नको

बांबूचा हातभर तुकडा उभा धरून दाबा, काही होत नाही. तोच बांबू दहा फुटी घ्या आणि दाबा, तो मध्येच बाजूला वाकतो. तुटण्याआधीच वाकून निकामी होतो. खांबाची मोकळी उंची दुप्पट झाली की वाकण्याविरुद्धची त्याची ताकद चौथाईवर येते. खाली दुकान काढायचं म्हणून मधलं माळ्याचं बीम काढून टाकलं, कॉलम सलग वीस फुटी झाला, असं करणाऱ्यांनी हा बांबू आठवावा.

कॉलममधल्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा याचसाठी असतात. त्या नसतील तर उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट फुटतं. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वळवून सोडायचं नाही, ते आत काँक्रीटमध्ये शिरेल असं वळवायचं. भूकंपात वरचं काँक्रीट सुटतं तेव्हा काटकोनातली रिंग उघडते, आत वळवलेली उघडत नाही. खर्चात फरक नगण्य, वेळ थोडा जास्त.

आपल्याकडे गच्चीवर "पुढच्या मजल्यासाठी" सळया उभ्या ठेवायची पद्धत आहे. दहा-पंधरा पावसाळे खाल्लेल्या त्या सळया गंजून पातळ होतात. गंज फुगतो आणि कॉलमचं डोकं फोडतो. पण खरा प्रश्न त्याच्या खालचा आहे: खालचे कॉलम आणि पाया पुढच्या मजल्याच्या हिशोबानं केले होते का? तसा कागद नसेल तर वर निघालेली सळई म्हणजे काही परवानगी नव्हे.

पाया: लाल माती, काळी माती

चिखलात गाडीचं चाक रुतलं की आपण खाली फळी टाकतो. वजन तेच राहतं, पण जास्त जागेवर पसरतं. पाया म्हणजे ही फळीच. कॉलमवर चाळीस टन भार आहे आणि खालचा मुरूम चौरस मीटरला वीस टन पेलतो असं धरलं, तर पाया दोन चौरस मीटरचा लागेल. जमीन दहा टनच पेलत असेल तर चार. शेजाऱ्यानं घेतला तेवढाच पाया आपणही घ्यायचा, हा हिशोब म्हणूनच चालत नाही.

खानापूर, कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यात जांभा आणि लाल माती आहे. अथणी, गोकाककडे, सोलापुरात, माळव्यात आणि बडोद्याकडे काळी माती भेटते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षी घर थोडं वर उचलतं, थोडं खाली सोडतं. घराचा एक कोपरा फुगला आणि दुसरा बसला की भिंतीत तिरकी भेग पडते. म्हणून अशा जमिनीत पाया मातीचा फुगणारा थर ओलांडून खाली न्यावा लागतो, किंवा खास प्रकारचा करावा लागतो. सांडपाण्याचा शोषखड्डा पायाला चिकटून घेणं तर कोणत्याच मातीत बरं नाही.

मातीची भिंत आणि सिमेंटचा गिलावा

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत आणि पुरात बेळगाव जिल्ह्यात असंख्य घरं पडली. त्यांत मातीच्या भिंतींची घरं पुष्कळ होती. माती वाईट असते असं नाही. कोरडी, जाड मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या भार घेते. पण ओली झाली की तिची ताकद झपाट्यानं जाते. म्हणून जुन्या घरांना दगडी जोतं आणि भिंतीच्या बाहेर लांब येणारे पाखे असत. डोकं आणि पाय कोरडे, की भिंत शाबूत.

आपण काय केलं? पाखे छाटले, रस्ते उंच होऊन जोतं बुडालं आणि भिंत "पक्की" दिसावी म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा लावला. पाणी खालून आणि भेगांतून आत शिरतंच, पण सिमेंटमुळे ते बाहेर पडत नाही. भिंत आतून कुजते आणि बाहेरून छान दिसते. भर म्हणून वर कौलांऐवजी काँक्रीटचा स्लॅब टाकला, तर आधीच दमलेल्या भिंतीवर कित्येक पट वजन.

आडवा धक्का

आतापर्यंत सगळा भार वरून खाली येणारा होता. भूकंप घराला आडवं हलवतो. घर जितकं जड, तितका हा आडवा जोर जास्त, आणि वजन वर असलं तर आणखी वाईट.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-उमरग्याच्या भागात हजारो माणसं गेली. तिथल्या घरांच्या दगडी भिंती जाड होत्या, पण मातीत रचलेल्या. आतला थर आणि बाहेरचा थर यांना जोडणारे आरपार दगड बहुतेक नव्हते, आणि वर मातीचं जड माळवद. हादऱ्यानं दोन थर सुटले आणि छप्पर खाली आलं. जाड म्हणजे मजबूत नव्हे. मजबूत म्हणजे एकमेकांना बांधलेलं. म्हणून दगडी-विटांच्या घरात जोत्यावर, दार-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली चारी भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा. करदोड्यासारखा तो घर बांधून ठेवतो.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानं दुसरा धडा दिला. अहमदाबादेत खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशा काही इमारती तळमजल्यातच मोडल्या. वरचं अंग ताठ आणि पाय लटपटीत, तर मोडणार पायच. आपल्या प्रत्येक शहरात अशा इमारती रोज उभ्या राहतात. खाली काही भिंती किंवा जादा ताकदीचे कॉलम देऊन हा दोष टाळता येतो, पण तो नकाशा काढतानाच.

इंदूरचा राजवाडा आठवा. सात मजल्यांपैकी खालचे दगडी, वरचे लाकडी. जड खाली, हलकं वर.

हाताखालची चूक

जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात काणकोणला आणि मार्च २०१९ मध्ये धारवाडला इमारती कोसळल्या, माणसं मेली. दोन्ही इमारती पूर्णही झालेल्या नव्हत्या. भूकंप नाही, पूर नाही. आपलंच वजन पेललं नाही.

कागदावरचं डिझाइन बरोबर असूनही जागेवर बिघडू शकतं. सगळ्यात साधी चूक पाण्याची. पन्नास किलोच्या सिमेंटच्या पोत्याला पंचवीस ते तीस लिटर पाणी पुरतं, त्यात वाळूचा ओलावाही आला. काम सोपं व्हावं म्हणून पाईप सोडला की काँक्रीट पातळ होतं, आणि जादा पाणी उडून गेल्यावर आत पोकळ्या राहतात. दुसरी चूक पाणी मारण्याची. निदान सात दिवस, आणि हल्ली मिळतं ते मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस ओल राखायलाच हवी. तिसरी चूक टेकू लवकर काढण्याची. पंधरा फुटांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, वीस फुटांपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस, त्यापुढच्या बीमचे एकवीस दिवस हलवायचे नाहीत. सेंट्रिंगच्या भाड्यात वाचलेले चार पैसे आयुष्यभर डोक्यावर लटकतात.

भेग बघून काय कळतं?

गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक, जाळीदार भेगांनी घाबरू नका. पण पुढच्या खुणा दिसल्या तर इंजिनियरला बोलवा:

- दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, वर रुंद आणि खाली बारीक किंवा उलट
- बीमच्या टोकाजवळ, आधारालगत पडलेली तिरकी भेग
- कॉलमवर उभी भेग, किंवा काँक्रीट सुटून दिसणारी गंजकी सळई
- कालपर्यंत लागणारं दार आज अडकणं

भेग वाढतेय का हे घरच्या घरी बघता येतं. भेगेवर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याभरात ठिपका तडकला तर घर अजून हलतंय.

मग काकांच्या हॉलचं काय झालं?

भिंत काढताच येत नाही असं नाही. आधी दोन्ही बाजूंनी टेकू लावून भार उचलायचा, मग हिशोब करून काढलेला बीम बसवायचा, त्याच्या दोन्ही टोकांना कॉलम आणि कॉलमखाली स्वतःचा पाया द्यायचा. म्हणजे भाराला नवी वाट करून द्यायची आणि मगच जुनी बंद करायची. त्याचा खर्च काकांनी ऐकला आणि थोडा वेळ गप्प बसले.

शेवटी ठरलं ते असं: भिंत राहिली. मध्ये साडेतीन फुटांचं एक दार काढलं, आधी टेकू देऊन, वर नीट लिंटल टाकून. गच्चीवरची टाकी बाजूला, बाहेरच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यावर नेली. लग्नाचे पाहुणे दोन खोल्यांत बसले.

मेस्त्री माझ्यावर जरा नाराज आहे. पण त्या घरावर अजून कौलं नाहीत, तीस टन काँक्रीट आणि विटा आहेत, आणि खाली नवी सून नांदते आहे. तुमच्या घरात भिंतीवर फुली मारायची वेळ आली, तर मेस्त्रीच्या हातात घण द्यायच्या आधी तोच प्रश्न विचारा: वरचा भार कुठं जाणार? उत्तर कागदावर आकड्यांत मिळालं तरच पुढे जा.